गार पाणी हवं की गरम? चिनी वैद्यकातली तहान

चिनी वैद्यासमोर बसून तुम्ही म्हणालात की मला हल्ली फार तहान लागते, तर दिवसाला किती लिटर पिता हे तो लगेच विचारणार नाही. आधी विचारेल पाणी गार हवंसं वाटतं की गरम. मग घटाघट पिता की घोट घोट, प्यायल्यावर बरं वाटतं की पाणी पोटात नुसतं डुचमळत राहतं, रात्री तोंड कोरडं पडून जाग येते का, आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे तहान लागते पण पाणी समोर आलं की प्यावंसं वाटत नाही असं होतं का. यातल्या प्रत्येक उत्तराला त्यांच्याकडे वेगळं निदान आणि वेगळं औषध आहे, आणि त्यातली काही औषधं एकमेकांच्या अगदी उलट, म्हणजे एक थंडावा देणारं तर दुसरं ऊब देणारं, एक ओलावा वाढवणारं तर दुसरं चक्क लघवी वाढवून पाणी बाहेर काढणारं. तहानेला लघवी वाढवायचं औषध, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझं चायनीज कच्चं आहे म्हणून काहीतरी चुकीचं ऐकू येतंय.

मी एमबीबीएस नानजिंगला केलं. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे चिनी वैद्यक हा एक विषय असतोच, बहुतेक पोरं तो पास होण्यापुरता करतात आणि विसरून जातात, मला मात्र त्याची ओपीडी आवडायची. नानजिंग, वुहान आणि छोंगचिंग या तीन शहरांना चीनमधे 'तीन भट्ट्या' म्हणतात ते तिथल्या उन्हाळ्यामुळे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे तहानेची तक्रार घेऊन येणाऱ्यांची कमी नसायची. आता मी साधी ॲलोपॅथीवाली आहे, चिनी औषधं लिहून देत नाही, तेव्हा खाली जे काही मत दिसेल ते त्या चष्म्यातून आलेलं आहे हे धरून चाला.

ओपीडी म्हणजे एक टेबल, त्यावर मनगटाखाली ठेवायची छोटी चपटी उशी, एक वयस्कर मॅडम आणि त्यांच्यामागे वह्या घेऊन उभे असलेले आम्ही. मॅडमना सगळे नुसतं 'लाओशी' म्हणायचे, म्हणजे गुरुजी किंवा बाई जे काय ते. तिकडे जवळपास प्रत्येक पेशंटच्या हातात स्वतःची पाण्याची बाटली किंवा थर्मास असतोच. लाओशी नाडी बघता बघता दुसऱ्या हाताने हळूच त्या बाटलीला हात लावून बघायच्या, गरम आहे की गार आणि किती उरलंय, कारण पेशंट तोंडाने एक सांगतो आणि बाटली दुसरंच सांगते. मला हिस्टरी घेण्याचा तो प्रकार इतका आवडला की आजही तहानेचा पेशंट आला की माझी नजर आधी त्याच्या बाटलीकडे जाते.

हे प्रश्न काही लाओशींचे स्वतःचे नव्हते. झांग जिंगयुए (१५६३ ते १६४०) नावाचा मिंग काळातला मोठा वैद्य होऊन गेला, त्याने पेशंटला काय काय विचारायचं याची एक यमकातली यादीच करून ठेवलीये, पहिला प्रश्न थंडी-तापाचा, दुसरा घामाचा, असं करत सातवा ऐकू येण्याचा आणि आठवा तहानेचा. ती 'दहा प्रश्न' म्हणून प्रसिद्ध आहे, पुढच्या वैद्यांनी त्यात फेरफार केले पण चिनी वैद्यकाची पोरं अजून ती पाठ करतात. म्हणजे तहान हा त्यांच्याकडे साखर वाढली तरच विचारायचा प्रश्न नाही, सर्दीच्या पेशंटलाही विचारतात आणि पोटदुखीच्या पेशंटलाही, आणि 'तहान अजिबात नाही' हेसुद्धा एक उत्तर धरतात, साधारणपणे शरीरात थंडपणा आहे असं.

तर तहानेचे प्रकार. खूप तहान, गार पाणी हवं, घटाघट पितो, वर ताप आणि भरपूर घाम, चेहरा लाल, याला ते आतली उष्णता म्हणतात आणि हा सगळ्यात सोपा प्रकार. दुसरा, तहान लागते पण फार पिववत नाही, तोंड चिकट, जिभेवर पिवळा जाड थर, अंग जड, ही दमट उष्णता, म्हणजे आत ओलावा आहे पण तो साचलेला आणि तापलेला. तिसरा, तोंड कोरडं पण गरम पाण्याचेच घोट हवेत आणि तेही थोडे, जीभ फुगलेली आणि कडेला दातांचे ठसे, इथे पाणी शरीरात आहे पण ते वर पोचत नाहीये. चौथा, संध्याकाळनंतर आणि रात्री तोंड सुकतं, तळहात-तळपाय तापतात, जीभ लालबुंद आणि तिच्यावर थरच नाही, कधी भेगा, ही यिन, म्हणजे शरीरातला गारवा आणि ओलावा, कमी झाल्याची खूण, वयस्कर बायकांमधे हा प्रकार फार दिसायचा. आणि पाचवा मला सगळ्यात भारी वाटतो, माणसाला नुसती चूळ भरावीशी वाटते, पाणी गिळावंसं वाटत नाही. झांग झोंगजिंग या हान काळाच्या शेवटी होऊन गेलेल्या वैद्याने ओठांचा रंग गेलाय, जीभ निळसर आहे आणि पेशंट फक्त चूळ भरतोय अशी लक्षणं एकत्र लिहून त्याला रक्त साकळल्याचं निदान म्हटलंय. त्याचं निदान तुम्हाला पटो न पटो, पण अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी शेजारी बसून हे बघितलंय की हा माणूस पाणी तोंडात घेतोय आणि थुंकतोय, एवढं निरीक्षण आम्ही पाच मिनिटांच्या ओपीडीत कुठे करतो.

यामागची त्यांची थिअरी थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय औषधं कळत नाहीत. 'ह्वांगदी नेइजिंग' हा त्यांचा मूळ ग्रंथ, साधारण दोन हजार वर्षं जुना, त्यात पाण्याचा प्रवास दिलाय. प्यायलेलं पाणी पोटात जातं, तिथून त्याचा सार भाग प्लीहेकडे, प्लीहा तो वर फुफ्फुसांकडे पाठवते, फुफ्फुसं तो सगळीकडे पसरवतात आणि उरलेलं खाली मूत्राशयात उतरवतात, आणि या सगळ्याला खालून ऊब देतात मूत्रपिंडं. म्हणजे चुलीवर ठेवलेल्या भांड्यासारखं, खाली विस्तव हवा, भांड्यात पाणी हवं आणि वर झाकण हवं तर वाफ धरून सगळं ओलं राहील. तहान लागली म्हणजे भांड्यात पाणी नाही, किंवा विस्तव फार मोठा झालाय, किंवा विस्तवच विझलाय त्यामुळे पाणी तळाला आहे पण वाफ वर येत नाहीये. शेवटच्या केसमधे वरून कितीही पाणी ओता, काही उपयोग नाही, उलट पोटात डुचमळेल. शरीरशास्त्र म्हणून हे चुकीचं आहे, प्लीहा पाण्याचं असलं काही करत नाही आणि त्यांची 'प्लीहा' म्हणजे आपल्याला सोनोग्राफीत दिसते ती प्लीहा नव्हेच. पण पेशंटचे गट पाडायला म्हणून हे चित्र कामाचं आहे, नाहीतर नुसतं 'पाणी पीत जा' याच्यापलीकडे सांगायला काय असतं.

आता औषधं. पहिल्या प्रकाराला, म्हणजे ताप, घाम आणि गार पाण्याची हाव, झांग झोंगजिंगचा 'पांढरा वाघ' नावाचा काढा, चायनीजमधे बायहू थांग, आणि तहान फार असेल तर त्यात जिन्सेंग वाढवायचा. मूळ काढ्यात चारच गोष्टी, शिगाओ, झिमू नावाच्या वनस्पतीचं मूळ, ज्येष्ठमध आणि तांदूळ. शिगाओ म्हणजे जिप्सम, हो तेच, कॅल्शियम सल्फेट, भाजलं की ज्याचं प्लास्टर होतं ते. हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरमागे लाकडी खणांची भिंत, त्यातल्या एका खणात पांढरे रेशमी चमक असलेले दगड, ते फोडून बारीक करून द्यायचे आणि कागदाच्या पुडीवर वेगळं लिहायचं 'आधी उकळा', म्हणजे बाकी पाला टाकायच्या आधी वीसेक मिनिटं नुसता दगड उकळत ठेवायचा. आणि जुन्या पुस्तकात काढा कधी झाला म्हणायचा याची खूण दिलीये ती फार छान आहे, त्यातले तांदूळ शिजले की काढा झाला. घड्याळ नसताना याच्यापेक्षा चांगला टायमर कुठला.

आता माझ्यातली ॲलोपॅथीवाली इथे गप्प बसत नाही. जिप्सम पाण्यात विरघळतं फार थोडं, एका लिटरमधे दोन ग्रॅमच्या आसपास, आणि नुस्ख्यात ते १५ पासून ६० ग्रॅमपर्यंत लिहितात. म्हणजे बराचसा दगड भांड्याच्या तळाशीच राहणार. मग तहान कमी होते ती कशाने, झिमूने, भाताच्या पेजेने, की दोन वाट्या कोमट द्रव थोडा थोडा पोटात गेला म्हणून? हे मी एकदा लाओशींना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या तू आधी पेशंटची जीभ बघायला शीक. (उत्तर दिलं नाही ते नाहीच.) पुढे झांग शीचुन (१८६० ते १९३३) नावाचा एक वैद्य होऊन गेला, चिनी आणि पाश्चात्य औषधं एकत्र वापरणाऱ्यांमधला सुरुवातीचा, त्याने सरळ जिप्सम आणि ॲस्पिरिन एकत्र देण्याचा नुस्खा लिहून ठेवलाय. मला हा माणूस आवडतो, त्याला कसला सोवळेपणा नव्हता.

दुसऱ्या टोकाला वूलिंग सान, पाच औषधांचं चूर्ण. याची तहान कशी, तर पेशंटला पाणी हवंय, पाणी पितो आणि प्यायलेलं लगेच ओकतो, लघवी मात्र होत नाहीये. याला त्यांनी 'उलटं फिरलेलं पाणी' असं नाव दिलंय. औषधात दालचिनीच्या झाडाची कोवळी फांदी ऊब द्यायला आणि बाकी चार औषधं पाणी खाली उतरवायला, त्यातली दोन तर बुरशी आहेत, फुलिंग आणि झुलिंग. हीच ती लघवी वाढवणारी तहानेची ट्रीटमेंट जी मला ऐकण्यातली गडबड वाटली होती. त्यांच्या लॉजिकने बरोबर आहे, पाणी चुकीच्या ठिकाणी साचलंय म्हणून घशाला मिळत नाहीये, ते हलवा. चूर्ण घेतल्यावर वर गरम पाणी भरपूर प्यायचं, घाम आला की बरं वाटेल असं लिहिलंय.

आणि झांग झोंगजिंगच्या त्याच पुस्तकात, त्याच नुस्ख्याच्या आधी, एक ओळ आहे ती मला सगळ्या काढ्यांपेक्षा मोलाची वाटते. खूप घाम जाऊन पोट कोरडं पडलंय, माणूस तळमळतोय, झोप नाही, पाणी मागतोय, तर काय करायचं, त्याला पाणी थोडं थोडं प्यायला द्या, पोट ताळ्यावर आलं की तो बरा होईल. बस. औषध नाही. नेमका फरक केलाय बघा, कोणत्या तहानेला नुसतं पाणी पुरे आणि कोणत्या तहानेला औषध, आणि पाणी पण कसं, एकदम तांब्याभर नाही तर थोडं थोडं. आज आम्ही जुलाब-उलट्यांच्या लेकराला ओआरएस चमच्या-चमच्याने द्या म्हणून आईला दहादा सांगतो ते वेगळं काय आहे. एकदम ग्लासभर दिलं की ते ओकणार आणि आई म्हणणार पाणी पचत नाही.

आता येते मोठी तहान, म्हणजे शियाओके. माणूस पितोय, खातोय, मुततोय आणि तरी झिजत चाललाय असा आजार. डायबेटिसशी त्याची गाठ बांधली जाते आणि ते बऱ्याच अंशी खरंय, पण जुनं सगळंच शियाओके म्हणजे डायबेटिस असं नाही. झांग झोंगजिंगने लिहिलंय की पुरुष एक दोउ पाणी पितो आणि एक दोउ लघवी करतो, हान काळातलं दोउ हे माप म्हणजे साधारण दोन लिटर, तर जेवढं आत तेवढं बाहेर. साखरेचा उल्लेख नाही. हे वाचून कुठल्याही डॉक्टरला डायबेटिस इन्सिपिडस पण आठवेल, ज्यात साखरेचा काही संबंध नसतो. त्याने त्यावर सुचवलेल्या मूत्रपिंडाच्या गोळीत आठ औषधं आहेत आणि त्यात शोधन केलेला, म्हणजे प्रक्रिया करून विष कमी केलेला, बचनाग जातीचा कंद आहे, तेव्हा 'नैसर्गिक आहे, घेऊन बघू' वाल्यांनी जरा लांबच राहावं, शोधन नीट झालं नसेल तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो.

या आजाराचा सगळ्यात प्रसिद्ध पेशंट एक कवी आहे, सिमा शियांगरु, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. इतिहासकार सिमा छियानने त्याच्याबद्दल नोंदवलंय की बोलताना अडखळायचा, लिहायचा सुंदर आणि त्याला कायम शियाओके असायचा. पुढे कवी लोक स्वतःला तहानेचा आजार झाला की त्याचंच नाव घ्यायला लागले, थांग काळातला दू फू (७१२ ते ७७०) तर आपल्या आजारपणावर लिहिताना हेच करतो. आजारालाही घराणं असतं ते असं.

पण खरी गंमत वैद्यांच्या नोंदींमधे आहे. नेइजिंगमधेच म्हटलंय की गोडधोड आणि चरबट खाणाऱ्या जाड्या माणसाचं तोंड आधी गोड पडतं आणि पुढे त्याचं शियाओके होतं. सन ६१० मधे चाओ युआनफांगने रोगांच्या कारणांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात शियाओकेच्या पेशंटला जेवायच्या आधी १२० पावलं चाला, जमलं तर हजार चाला आणि मग जेवा असं सांगितलंय. झेन लियान नावाच्या वैद्याने लिहिलेलं की तहान फार, पाणी फार, लघवी वारंवार आणि ती गोड, तर ते शियाओके, ते आपल्यापर्यंत आलंय वांग थाओच्या सन ७५२ च्या संग्रहातून. युरोपात थॉमस विलिस लघवीच्या गोडव्याबद्दल लिहितो ते १७व्या शतकात. (भारतीय वैद्यांनी गोड लघवी ओळखली होतीच पण तो वेगळा लेख होईल.) आणि सुन सिमियाओ, ७व्या शतकातला, त्याने तर पेशंटसाठी तीन पथ्यं सांगितली, दारू, संभोग, आणि खारवलेलं तसंच गव्हाच्या पिठाचं खाणं, आणि पुढे बजावलंय की आजार बरा झालेला असो की नसो, या माणसाला मोठं गळू होईल ही काळजी कायम ठेवा. डायबेटिसच्या पेशंटचा कार्बंकल मी सर्जरी वॉर्डात पाहिलाय, मानेवर, तळहाताएवढा, चाळणीसारखी भोकं आणि त्यातून पू. सुन सिमियाओला रक्तातली साखर माहीत नव्हती, इन्सुलिन माहीत नव्हतं, पण तहान लागणाऱ्या माणसाला गळवं होतात आणि त्यात तो जातो एवढं त्याने जोडलं होतं. मला त्याच्या कुठल्याही नुस्ख्यापेक्षा ही ओळ जास्त मोठी वाटते.

पुढे जिन काळातल्या लिउ वानसूसारख्यांनी शियाओकेचे तीन मजले पक्के केले. वरचा म्हणजे फुफ्फुसांचा, यात तहान मुख्य, मधला पोटाचा, यात भूक, खालचा मूत्रपिंडांचा, यात लघवी. आणि मजल्यानुसार औषध. तहानेच्या मजल्यावर सगळ्यात जास्त दिसतं थिएनह्वाफेन, हे पडवळाच्या जातीतल्या एका वेलीचं मूळ, पिठूळ पांढऱ्या चकत्या असतात. त्याच्या जोडीला गेगन नावाचं तंतुमय मूळ, मायदोंगचे छोटे कंद, कच्चं दीहुआंग आणि ह्वांगछी ही आणखी दोन मुळं. मघाशी सांगितलेल्या झांग शीचुनच्या तहानेच्या काढ्यात तर कोंबडीच्या पोटाचं वाळवलेलं अस्तरही आहे. थिएनह्वाफेन गरोदर बाईला अजिबात द्यायचं नाही, त्यातल्या ट्रायकोसँथिन नावाच्या प्रोटीनचं इंजेक्शन चीनमधे गर्भपातासाठी वापरलं गेलंय, तेव्हा 'साधं मूळ आहे' म्हणू नका.

यांनी साखर उतरते का? काही औषधांत दम आहे, आणि सगळ्यात जास्त चर्चा ह्वांगलियान या जहरी कडू मुळातल्या बर्बेरिनची. २००८ मधे शांघायच्या डॉक्टरांनी छापलेल्या अभ्यासात नव्याने डायबेटिस निघालेल्या ३६ जणांना बर्बेरिन किंवा मेटफॉर्मिन (डायबेटिसची आपली नेहमीची गोळी) तीन महिने दिलं आणि साखर दोन्हींनी जवळपास सारखी उतरली. पण ३६ माणसं म्हणजे किती, आणि तीन महिन्यांत किडनी-डोळ्यांचं काय झालं ते कळत नसतं. शिवाय ते बर्बेरिन मोजून दिलेलं होतं, काढ्याच्या वाटीत किती येतं ते भांडं, आच आणि मूळ कुठलं यावर. ज्येष्ठमध जवळपास प्रत्येक काढ्यात असतो आणि तो रोज भरपूर गेला तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, हे पण डायबेटिसवाल्याला परवडणारं नाही.

आणि एक गोष्ट मला हा लेख लिहायला लावणारी खरं तर हीच. चीनमधे 'शियाओके वान' नावाची गोळी मिळते, वाटाण्याहून लहान काळ्या गोळ्या, डबीवर गेगन, दीहुआंग, ह्वांगछी, थिएनह्वाफेन, मक्याच्या कणसाची शेंडी वगैरे लिहिलेलं, आणि त्याच यादीत ग्लिबेनक्लामाइड. हो, आपली साखरेची जुनी गोळी, दर गोळीत ०.२५ मिलिग्रॅम. लपवलेलं नाही, चीनमधे ती रीतसर मंजूर आहे आणि लेबलवर लिहिलंय, पण चायनीजमधे. एका वेळी पाच ते दहा गोळ्या, दिवसातून दोन-तीनदा घेतात, म्हणजे दहा गोळ्या तीनदा घेतल्या तर दिवसाला साडेसात मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइड पोटात, आणि घेणारा सगळ्यांना सांगत असतो की मी तर फक्त झाडपाला घेतोय. त्यावर डॉक्टरने दिलेली साखरेची गोळी चालूच असेल, वय झालेलं असेल, किडनी कमजोर असेल, एक जेवण चुकलं की साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध. तेव्हा कुणी परदेशातून डबी आणून दिली असेल तर ती डबीच घेऊन डॉक्टरकडे जा, नुसतं 'हर्बल आहे' सांगू नका, आम्हाला नावं वाचता आली नाहीत तरी मोबाइलवर फोटो काढून भाषांतर होतं आता.

तहान नवीन असेल, रात्री लघवीला दोन-तीनदा उठायला लागत असेल, वजन उतरत असेल, तर काढा, चहा, सुया सगळं नंतर, आधी उपाशी पोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. बरोबर उलट्या, पोटदुखी, दमल्यासारखा खोल श्वास आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास असेल तर ओपीडीत नंबर लावत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी. साखर नॉर्मल आली तर कॅल्शियम, किडनी, आणि चालू गोळ्यांची यादी, कारण ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या, मूत्राशयाच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड सुकतं. आणि तहान नसताना नियम म्हणून लिटरच्या लिटर पाणी ढोसणं पण थांबवा, सोडियम खाली गेलेले पेशंट आम्ही आयसीयूत बघतो.

राहता राहिलं नुसतं कोरडं तोंड, म्हणजे पाणी कमी नाही, साखर ठीक, पण जीभ टाळूला चिकटते. इथे चिनी लोकांकडे छोट्या छोट्या चांगल्या गोष्टी आहेत. आंबट तर प्रसिद्धच, सेनापती छाओ छाओने तहानेने बेजार झालेल्या सैन्याला पुढे आलुबुखाऱ्यासारख्या आंबट फळांची बाग आहे असं सांगितलं आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटून ते पुढे चालत राहिले अशी ५व्या शतकात लिहिलेली गोष्ट आहे, आणि त्याच फळाला धुरावून काळं केलं की वूमेई, त्याचं सरबत तिकडे उन्हाळाभर पितात (साखर भरपूर असते, बघून प्या). १७९८ च्या एका ग्रंथात तापानंतरच्या कोरडेपणाला पाच रसांचं पेय दिलंय, नाशपाती, पाणशिंगाड्यासारखा एक कंद, कमळकाकडी, बोरूचं ताजं मूळ आणि मायदोंग, सगळं कच्चं पिळून. आणि एक फुकटातला व्यायाम, 'लाल ड्रॅगन समुद्र ढवळतो', यात ड्रॅगन म्हणजे जीभ. तोंड मिटून जीभ दातांच्या बाहेरच्या बाजूने गोल फिरवायची, मग उलटी, लाळ जमली की तोंडात खळखळवायची आणि तीन घोटांत गिळायची. पार्कात सकाळी म्हातारे बसलेले असतात, गाल आतून फिरत असतात. लाळग्रंथींना चालना मिळते, नुकसान काही नाही, मी कोरड्या तोंडाच्या पेशंटना सांगते.

सुयांचं, म्हणजे ॲक्युपंक्चरचं म्हणाल तर कोरड्या तोंडासाठी घोट्याच्या आतल्या हाडाखालचा झाओहाय आणि हनुवटीखाली गळ्यावरचा लियानछुआन हे बिंदू वापरतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांचं तोंड कोरडं पडतं त्यावर शांघायच्या फुदान विद्यापीठाने आणि ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनने मिळून अभ्यास केला, ३९९ पेशंट, २०१९ मधे छापून आला, आणि वर्षानंतर सुया घेतलेल्यांचं तोंड नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी कोरडं होतं. मात्र खोट्या, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या दिखाऊ सुयांचा परिणाम चीनमधे वेगळा आणि अमेरिकेत वेगळा दिसला, त्यामुळे नक्की काय काम करतंय यावर भांडायला जागा आहे. जिभेखालचे दोन बिंदू, जिनजिन आणि यूये, ते मात्र कुणाकडूनही टोचून घेऊ नका, तिथे ते बरोबर शिरांवरच टोचतात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचणाऱ्याला बसल्या बसल्याच सांगा, त्याने विचारायची वाट बघू नका.